रीस्टार्टचा फेरा : सुरू होतानाच कोसळणाऱ्या संगणकाचा आढावा

बटण दाबलं की पंखा फिरतो, कंपनीचं चिन्ह येतं, त्याखाली ठिपके गोल फिरू लागतात आणि एकाएकी पडदा काळा होतो. क्षणभराने पुन्हा तेच चिन्ह, पुन्हा तेच ठिपके. संगणकाच्या सगळ्या दुखण्यांत हे सर्वांत चकवणारं आहे. यंत्र मुळीच सुरू होत नसेल तर प्लगपासून तपास करता येतो. हळू चालत असेल तर आत शिरून कारण शोधता येतं. इथे मात्र यंत्र थोडं चालतं आणि जिथे अडखळतं तिथला पुरावा पुसून पहिल्यापासून सुरुवात करतं.

दुरुस्तीच्या दुकानात यावर एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं : ‘विंडोज उडालीय, फॉरमॅट मारावं लागेल.’ कधीकधी ते खरंही असतं. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या मोठ्या घटना एकत्र मांडल्या की दिसतं, या एकाच लक्षणामागे वीजपुरवठा, रॅम, बायोस, डिस्क, ड्रायव्हर, अँटिव्हायरस आणि खुद्द कंपनीने पाठवलेलं अपडेट यांतलं काहीही असू शकतं. म्हणून या लेखाचा आग्रह एकच आहे : यंत्र नेमकं कुठून मागे फिरतं ते आधी पाहावं, मग हात लावावा.

सुरू होण्याचे टप्पे

बटण दाबल्यावर पहिलं काम एसएमपीएसचं, म्हणजे वीजपुरवठ्याच्या पेटीचं. त्याच्या वाहिन्यांवरचे दाब स्थिर झाले की अर्ध्या सेकंदाच्या आत तो मदरबोर्डला ‘वीज ठीक आहे’ असा इशारा देतो. तो मिळेपर्यंत बोर्ड प्रोसेसरला रोखून धरतो. इशारा मिळाल्यावर बायोस किंवा त्याचा आजचा वारस यूईएफआय कामाला लागतो. तो रॅम ओळखतो, ग्राफिक्स जागं करतो आणि कुठल्या डिस्कवरून सुरुवात करायची ते ठरवतो. मग बूट लोडरची पाळी. विंडोजमध्ये बूट मॅनेजर आणि लिनक्समध्ये बहुधा ग्रब हे काम करतो. तो कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आणि सुरुवातीलाच लागणारे ड्रायव्हर स्मृतीत आणून ठेवतो. पुढे कर्नल सगळा ताबा घेतं, उरलेले ड्रायव्हर आणि सेवा सुरू करतं आणि शेवटी लॉगिनचा पडदा दिसतो.

वापरणाऱ्याच्या दृष्टीने यातल्या दोन खुणा मोलाच्या. कंपनीच्या चिन्हापर्यंतही न पोहोचता यंत्र मागे फिरत असेल तर विंडोजचा संबंधच आलेला नाही. त्या अवस्थेत फॉरमॅट करून काही साधणार नाही. ठिपके फिरायला लागले असतील तर साधारणपणे बूट लोडरने आपलं काम केलेलं असतं आणि संशय कर्नल, ड्रायव्हर, डिस्क किंवा भार वाढल्यावर दमणाऱ्या हार्डवेअरकडे वळतो. हा भाराचा मुद्दा बऱ्याचदा नजरेतून सुटतो. बायोसच्या पडद्यावर यंत्र जवळपास मोकळंच बसलेलं असतं. ऑपरेटिंग सिस्टिम चढू लागली की प्रोसेसरचे सगळे गाभे जागे होतात, रॅमचा मोठा भाग पहिल्यांदा वापरला जातो आणि ग्राफिक्स कार्ड आपल्या खऱ्या ड्रायव्हरवर जातं. अशक्त भाग उघडा पडतो तो याच क्षणी.

पुरावा पुसणारी सोय

विंडोजला असाध्य चूक आढळली की ती निळा पडदा दाखवते आणि मूळ सेटिंगनुसार लगेच रीस्टार्ट होते. निळ्या पडद्यावरचं त्रुटीचं नाव वाचण्याआधीच तो निघून जातो. लिनक्सचं मूळ वागणं उलट आहे. कर्नल पॅनिक झालं की संदेश दाखवून यंत्र तिथेच थांबतं. रीस्टार्ट व्हायला हवं असेल तर किती सेकंदांनी ते सांगावं लागतं. दोन्ही निर्णयांना कारण आहे. मध्यरात्री कुलूपबंद खोलीत चालणाऱ्या सर्व्हरजवळ बटण दाबायला कोणी नसतं, तिथे आपोआप उठणं गरजेचं असतं. घरातल्या किंवा शाळेतल्या संगणकासमोर मात्र माणूस बसलेला असतो आणि त्याला संदेश वाचायला मिळणं जास्त उपयोगाचं असतं.

म्हणून पहिला उपाय हा फेरा थांबवण्याचा. जुन्या विंडोजमध्ये सुरू होताना एफ-८ दाबलं की ‘बिघाड झाल्यावर आपोआप रीस्टार्ट करू नका’ असा पर्याय मिळत असे. विंडोज ८ पासून ते बटण मूळ सेटिंगमध्ये बंद आहे. आता सुरू होण्याचा प्रयत्न लागोपाठ दोन-तीनदा अर्धवट राहिला की दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो आणि त्यातल्या स्टार्टअप सेटिंग्जमध्ये हा पर्याय सापडतो. तो निवडला की निळा पडदा स्थिर राहतो. त्रुटीचं नाव आणि कधीकधी दोषी फाइलचं नावही मोबाइलने टिपून घेता येतं.

हा पर्याय निवडूनही निळा पडदा न दिसता यंत्र थेट परत फिरत असेल, तर तीही मोठी माहिती आहे. रीस्टार्टचा निर्णय विंडोजने घेतलेला नाही, तो खालून आलेला आहे. एक शक्यता वीज तुटण्याची. दुसरी प्रोसेसरच्या आतली. एखादी चूक हाताळताना दुसरी चूक झाली आणि ती हाताळण्याची व्यवस्थाही कोसळली, तर इंटेलच्या घराण्यातला प्रोसेसर काम थांबवतो आणि बोर्ड त्याला रीसेट करतो. याला ट्रिपल फॉल्ट म्हणतात. त्यात कुठलाही संदेश उमटत नाही. स्वतः कर्नल लिहायला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना हा अनुभव हमखास येतो, आणि तो व्हर्च्युअल मशीनमध्ये आला तरच त्याची नोंद पाहायला मिळते.

यंत्र कधीतरी पूर्ण सुरू होत असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमधली ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद उघडावी. तिचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी यंत्र नीट बंद झालं नव्हतं. पण तिच्या तपशिलातला बगचेक कोड शून्य नसेल तर निळा पडदा येऊन गेलेला असतो. शून्य असेल तर विंडोजला काही लिहायची उसंतच मिळाली नाही, आणि वीज, प्रोसेसर, बोर्ड यांच्याकडे पाहणं भाग असतं.

वीज, उष्णता, रॅम

हार्डवेअरच्या कारणांत पहिला मान एसएमपीएसचा. बारा व्होल्टच्या वाहिनीवर पाच टक्के इतकीच ढिलाई प्रमाणात मान्य आहे, म्हणजे दाब ११.४ ते १२.६ व्होल्टमध्ये राहायला हवा. जुना किंवा हलका एसएमपीएस बायोसमध्ये हा दाब सांभाळतो आणि ग्राफिक्स कार्डाने जास्त वीज मागितली की ढासळतो. ‘वीज ठीक आहे’ हा इशारा तुटतो आणि बोर्ड रीसेट होतो. दुसऱ्या चांगल्या एसएमपीएसवर तेच यंत्र चालवून पाहणं ही याची सर्वांत खात्रीची चाचणी.

२००० नंतरच्या काही वर्षांत जगभर मदरबोर्डवरचे कपॅसिटर अकाली फुगले, फुटले. सदोष द्रव भरलेले हे कपॅसिटर अनेक नावाजलेल्या कंपन्यांच्या यंत्रांत गेले होते आणि अकारण रीस्टार्ट होणं हे त्यांचं नेहमीचं लक्षण होतं. आजही जुन्या बोर्डाचं झाकण काढल्यावर आधी प्रोसेसरजवळच्या कपॅसिटरची डोकी सपाट आहेत ना हे बघणं शहाणपणाचं.

महाराष्ट्रात विजेच्या या कारणाला आणखी धार आली. २००५ नंतरची काही वर्षं गावागावांत तासन्‌तास लोडशेडिंग होतं. वीज येताना-जाताना दाबाचे झटके बसत, अपडेट चालू असतानाच यंत्र बंद पडे. दोन पिनांच्या सॉकेटवर, अर्थिंगशिवाय चालणारे संगणक तेव्हा शाळांत आणि सायबर कॅफेंत सर्रास दिसत. असेंबल केलेल्या यंत्रात पैसे वाचवायचे तर पहिली कात्री एसएमपीएसला लागते, कारण तो कागदावरच्या तपशिलात दिसत नाही. ही सवय मोडायला हवी. प्रोसेसर एक पायरी खालचा घेतला तरी चालेल, पण वीजपुरवठा चांगलाच असावा आणि अर्थिंग तपासून घ्यावं.

उष्णतेवर बऱ्याचदा चुकीचा आळ येतो. प्रोसेसर धोक्याच्या तापमानाला पोहोचला की आधी वेग कमी करतो आणि तरीही भागलं नाही तर यंत्र बंद करायला लावतो. त्यामुळे यंत्र बंद पडून बंदच राहत असेल तर उष्णतेचा संशय बळकट होतो. लगेच पुन्हा सुरू होत असेल तर वीज आणि रॅम आधी तपासावेत.

रॅमचा दोष फसवा असतो, कारण तो दर वेळी निराळ्या जागी उमटतो. आज एका ड्रायव्हरचं नाव, उद्या दुसऱ्याचं. निळ्या पडद्यावरचं नाव दर खेपेला बदलत असेल तर सॉफ्टवेअर सोडून रॅमकडे यावं. मेमटेस्ट८६+ पेन ड्राइव्हवर घालून रात्रभर चालवावं. एकही चूक दिसली तर ती स्वीकारार्ह नाही. मग एकेक पट्टी काढून तपासावं. कोकणात, गोव्यात दमट खाऱ्या हवेने पट्टीच्या संपर्कपट्ट्यांवर थर बसतो, तेव्हा नुसती पट्टी काढून, पुसून परत बसवल्याने यंत्र चालू झाल्याचं तंत्रज्ञ सांगतात. खोडरबराने घासण्याची पद्धत मात्र जपून वापरावी, सोन्याचा मुलामा फार पातळ असतो.

प्रोसेसर निर्दोषच असतो ही समजूतही २०२४ मध्ये ढळली. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते आणि त्याने कायमचे खराब होत होते. इंटेलने ऑगस्टमध्ये मायक्रोकोडची, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची, दुरुस्ती दिली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण आधीच झिजलेला प्रोसेसर दुरुस्तीने बरा होत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो.

बायोस आणि डिस्क

बायोसची सेटिंग्ज सांभाळणारी नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी संपली की घड्याळ मागे जातं, हे अनेकांना ठाऊक असतं. त्याबरोबर बाकीची सेटिंग्जही मूळपदावर जाऊ शकतात, हे कमी जणांना. विंडोज बसवताना डिस्क एएचसीआय पद्धतीने जोडलेली असेल आणि बॅटरी संपल्यावर बायोस दुसऱ्या पद्धतीवर गेला, तर विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नाही. ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असा निळा पडदा क्षणभर चमकतो आणि फेरा सुरू होतो. डिस्क शाबूत, विंडोज शाबूत, डेटा शाबूत. दोष एका सेटिंगचा आणि स्वस्त बॅटरीचा. अशा यंत्रावर फॉरमॅट मारणं म्हणजे निष्कारण नुकसान.

डिस्क खरोखर खराब होत असेल तेव्हा क्रम बदलतो. खटखट आवाज, सुरू व्हायला लागणारा वाढता वेळ, डिस्कच्या स्मार्ट अहवालात बदललेल्या सेक्टरांचा चढता आकडा ही चिन्हं दिसली की दुरुस्ती बाजूला ठेवून आधी डेटा काढावा. चेक-डिस्कसारखं साधन आजारी डिस्कला आणखी दमवतं.

उपचारातून आलेला आजार

वरची कारणं एकेका यंत्रापुरती. लाखो यंत्रं एकाच वेळी फेऱ्यात सापडतात तेव्हा कारण बहुधा अपडेट असतं, आणि हा भाग सर्वांत शिकवणारा आहे.

फेब्रुवारी २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने कर्नलची एक सुरक्षा-दुरुस्ती पाठवली आणि विंडोज एक्सपीची अनेक यंत्रं सुरू होतानाच कोसळू लागली. राग कंपनीवर निघाला. तपासात आढळलं की त्या यंत्रांत ॲल्युरिऑन नावाचं रूटकिट हे घातक सॉफ्टवेअर आधीपासून दडून बसलं होतं. कर्नलमधल्या ठरावीक पत्त्यांवर ते विसंबून होतं, दुरुस्तीने ते पत्ते हलले. अपडेटने आजार केला नव्हता, लपलेला आजार उघडा केला होता. त्याच वर्षी २१ एप्रिलला उलट प्रकार घडला. मॅकॅफीच्या अँटिव्हायरसने नव्या व्याख्यांच्या आधारे एक्सपीच्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकमधली एसव्हीसी-होस्ट ही अत्यावश्यक फाइलच विषाणू ठरवली. यंत्रं पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होऊ लागली आणि त्यांचं नेटवर्कही गेलं, त्यामुळे दुरुस्ती दुरून पोहोचवता येईना.

जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या कमकुवतपणावर घाईने मायक्रोकोड आला. तो बसवल्यावर ब्रॉडवेल आणि हॅसवेल पिढीची यंत्रं वारंवार रीस्टार्ट होऊ लागली. २२ जानेवारीला इंटेलनेच तो बसवणं थांबवा असं सांगितलं. जानेवारी २०२२ मध्ये विंडोज सर्व्हरच्या मासिक अपडेटनंतर डोमेन कंट्रोलर फेऱ्यात सापडले. आठवडाभरात स्वतंत्र दुरुस्ती द्यावी लागली.

या मालिकेतली सर्वांत मोठी घटना १९ जुलै २०२४ची. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या फाल्कन या सॉफ्टवेअरसाठी २९१ क्रमांकाच्या चॅनेल फाइलची नवी आवृत्ती पाठवली. नव्या नियमांत एकवीस रकाने अपेक्षित होते आणि फाल्कनचा कोड वीसच पुरवत होता. एकविसावा वाचायला गेलेला ड्रायव्हर स्मृतीच्या हद्दीबाहेर गेला आणि कर्नलमध्येच चालत असल्याने त्याने सगळी विंडोज खाली ओढली. तो ड्रायव्हर सुरू होतानाच चढणारा, म्हणून प्रत्येक रीस्टार्टला तीच चूक. कंपनीने अठ्ठ्याहत्तर मिनिटांत फाइल मागे घेतली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख यंत्रं फेऱ्यात सापडली होती. जगातल्या विंडोज यंत्रांच्या एक टक्क्याहूनही हा आकडा कमी. तरी विमानतळ, रुग्णालयं, बँका ठप्प झाल्या. भारतात विमान कंपन्यांना चेक-इन हाताने करावं लागलं, प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले.

उपाय सोपा होता : सेफ मोडमध्ये जा, ती एक फाइल काढा, रीस्टार्ट करा. अडचण दोन ठिकाणी आली. प्रत्येक यंत्रापाशी माणूस जावा लागला. आणि ज्यांच्या डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद होत्या त्यांना आधी अठ्ठेचाळीस अंकी रिकव्हरी की शोधावी लागली. काही संस्थांच्या त्या कीज ज्या सर्व्हरवर होत्या तो सर्व्हरच फेऱ्यात अडकलेला. काही यंत्रं मात्र नुसत्या रीस्टार्टनेच सुटली, कारण कोसळण्याआधीच्या थोड्या सेकंदांत त्यांनी चांगली फाइल उतरवून घेतली. ॲझ्युरवरच्या व्हर्च्युअल मशीनसाठी पंधरापर्यंत रीस्टार्ट लागू शकतात असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं.

मोबाइलही यातून सुटलेले नाहीत. २०१६ मध्ये एलजीने मान्य केलं की जी-४ फोन रीस्टार्टच्या फेऱ्यात सापडतो त्याचं कारण आतल्या भागांमधला सैल संपर्क आहे. २०२० मध्ये तळ्या-डोंगराचा एक सुंदर फोटो वॉलपेपर म्हणून लावला की अँड्रॉइड १० चे काही फोन सतत कोसळत. फोटोची रंगव्यवस्था वेगळी होती. तेजस्वितेचं गणित करताना एक मूल्य २५५ च्या वर गेलं आणि २५६ घरांच्या रकान्यात त्याला घर मिळालं नाही. फाल्कनची आणि या फोटोची चूक एकाच जातीची आहे : हद्द तपासली नाही.

तपासाचा क्रम

या सगळ्यातून घरी, शाळेत, कार्यालयात वापरता येईल असा क्रम निघतो.

आधी जोडलेलं सगळं काढावं : प्रिंटर, पेन ड्राइव्ह, बाहेरची डिस्क. नुकतं काय बदललं ते आठवावं : नवी रॅम, नवा ड्रायव्हर, कालचं अपडेट, रात्री गेलेली वीज. मग यंत्र बायोसच्या पडद्यावर पंधरा-वीस मिनिटं ठेवावं. तिथेही रीस्टार्ट झालं तर वीज, बोर्ड, प्रोसेसर किंवा कॅबिनेटचं अडकलेलं रीसेट बटण. तिथे टिकलं म्हणून हार्डवेअर निर्दोष ठरत नाही, कारण भार नगण्य असतो.

दुसरी चाचणी लाइव्ह लिनक्सच्या पेन ड्राइव्हची. ती डिस्कवरच्या विंडोजला अजिबात विचारत नाही. लिनक्स तासभर बिनघोर चाललं, व्हिडिओ दाखवला, तर वीज, रॅम, प्रोसेसर बहुतांशी ठीक आणि दोष डिस्कवर किंवा विंडोजमध्ये. इथेच आपल्या फाइल दुसऱ्या डिस्कवर काढून घ्याव्यात. लिनक्सही परत फिरलं तर हार्डवेअर, आणि मग मेमटेस्ट व एसएमपीएसची अदलाबदल.

तिसरी चाचणी सेफ मोडची. त्यात मोजकेच ड्रायव्हर चढतात. सेफ मोड चालला आणि नेहमीची विंडोज कोसळली तर बाहेरचा ड्रायव्हर, अँटिव्हायरस किंवा एखादी सेवा दोषी. ग्राफिक्सचा ड्रायव्हर काढून पाहावा. दुरुस्तीच्या पडद्यावरून ताजं अपडेट मागे घेता येतं, सिस्टिम रिस्टोअर करता येतं. लिनक्समध्ये ग्रबच्या प्रगत पर्यायांतून आधीचं कर्नल निवडावं. ते चाललं तर निदान झालंच. नोमोडसेट हा पर्याय देऊन यंत्र सुरू झालं तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर सापडला.

फॉरमॅट या क्रमात शेवटी येतं, तेही रॅम आणि डिस्क तपासल्यावर. सदोष रॅमवर नवी विंडोज बसवली तर तिच्या फाइलही बिघडलेल्याच उतरतात आणि पंधरा दिवसांनी गिऱ्हाईक पुन्हा दारात. दुकानदाराचा वेळ मोलाचा आहे, हे खरं. पण पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करायला दहा मिनिटं लागतात, आणि लेकराचे फोटो, दुकानाचे हिशेब, प्रबंधाची प्रकरणं परत येत नाहीत.

एक गोष्ट मात्र बिघाडाआधी करायची. विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीपासून नव्या बसवणीत मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क बहुधा आपोआप कुलूपबंद होते आणि रिकव्हरी की त्या खात्यात जाते. यंत्र बसवून देणाऱ्याने स्वतःचं खातं वापरलं असेल तर की त्याच्याकडे राहील. ते आजच तपासावं. की कागदावर उतरवून घरात ठेवावी.

यंत्राने स्वतः मोजावं

शेवटचा प्रश्न रचनेचा. रीस्टार्टने सगळं सुरळीत होईल ही अपेक्षा क्षणिक चुकीपुरती बरोबर ठरते. चूक डिस्कवर लिहिलेली असेल तर हजार रीस्टार्टही तिला धक्का लावत नाहीत. म्हणून यंत्राने आपले फसलेले प्रयत्न मोजले पाहिजेत आणि ठरावीक संख्येनंतर वाट बदलली पाहिजे. अँड्रॉइड ७ पासून अनेक फोनांत सिस्टिमच्या दोन प्रती असतात. नवी प्रत सुरू होईना तर फोन जुनीवर परततो. विंडोजची आपोआप दुरुस्ती हीही मोजणीच. २०२४ च्या धक्क्यानंतर त्याच नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने क्विक मशीन रिकव्हरी जाहीर केली. न सुरू होणाऱ्या यंत्राला दुरुस्तीच्या वातावरणातूनच नेटवर्कवर उपाय मिळावा, असा तिचा हेतू. क्राउडस्ट्राइकनेही आपल्या फाइल टप्प्याटप्प्याने सोडायला सुरुवात केली.

ही दिशा योग्य आहे, पण ती अजून सगळ्यांपर्यंत पोहोचलेली नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतला दहा वर्षं जुना संगणक स्वतः काही मोजणार नाही. त्याच्यासाठी मोजणारा, टप्पा ओळखणारा माणूस लागतो. प्रत्येक शाळेत, कार्यालयात एक लाइव्ह लिनक्सचा पेन ड्राइव्ह, एक चांगला जादा एसएमपीएस आणि रिकव्हरी कीजची वही असावी. यंत्र कितव्या टप्प्यावरून परत फिरतं याची एक ओळ, तारखेसह, तंत्रज्ञाकडे नेण्याआधी कोणी लिहून ठेवली, तर अर्धं निदान तिथेच झालेलं असतं.